बोलीतले रसायन पुस्तकात येऊ द्या : विज्ञानाच्या पाठ्यपुस्तककर्त्यांस खुले पत्र

प्रति,
माध्यमिक इयत्तांच्या विज्ञान पाठ्यपुस्तकांचे लेखन व संपादन करणाऱ्या समितीचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवीत आलो आहे. अभ्यासक्रम बदलत असल्याने नवी पुस्तके टप्प्याटप्प्याने येऊ लागली आहेत, म्हणून रसायनशास्त्राच्या प्रकरणांविषयी एक विनंती जाहीरपणे करीत आहे. मराठी माणूस ज्या शब्दांनी धातू, खार, आम्ले आणि विषे यांच्याशी पिढ्यानपिढ्या व्यवहार करीत आला आणि ज्या शब्दांचे वाक्प्रचार करून त्याने माणसांचे स्वभाव जोखले, त्या शब्दांना रसायनशास्त्राच्या धड्यात जागा द्यावी, एवढीच ती विनंती आहे. ही जागा पानाच्या कडेला रंगीत चौकटीत नसावी, धड्याची सुरुवातच तिथून व्हावी.

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पितळ उघडे पडणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ विचारतात आणि विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत पितळेचे घटक धातू विचारतात. विद्यार्थी एकीकडे ‘खरे स्वरूप उघडकीस येणे’ असे लिहितो, दुसरीकडे ‘तांबे आणि जस्त’ असे लिहितो, आणि दोन्हीकडे पूर्ण गुण मिळवूनही या दोन पितळांची गाठ त्याच्या मनात पडत नाही. ती पाडून देणे अवघड नाही. खोटा दागिना खपवायचा तर मुलाम्याखालचा धातू सोन्याच्या रंगाजवळचा हवा, म्हणजे मुलामा झिजू लागला तरी लबाडी काही काळ झाकून राहते; तांब्यात जस्त मिसळले की तो पिवळा रंग येतो. विजेच्या साह्याने मुलामा चढवण्याची पद्धत येण्यापूर्वी सोने पाऱ्यात कालवून ते धातूवर माखत आणि तापवून पारा उडवून लावीत. मागे सोन्याचा पातळ थर राहत असे आणि पाऱ्याची वाफ कारागिराच्या छातीत जात असे. संमिश्र, पारदसंमिश्र, बाष्पीभवन आणि विद्युत विलेपन असे चार मुद्दे या एका वाक्प्रचाराच्या पोटात आहेत, आणि आपण ते चार वेगवेगळ्या पानांवर, चार वेगवेगळ्या व्याख्या करून शिकवतो.

सोन्याच्या बाबतीत तर आपली भाषा सराफाच्या पेढीवरच घडली आहे. कसाला लागणे, कसोटीला उतरणे, हिणकस, बावनकशी, तावून सुलाखून निघणे, हे सगळे शब्द तिथले. नाशिकच्या सराफ बाजारात एखाद्या जुन्या पेढीवर कसोटीचा काळा गुळगुळीत दगड मागितला तर दाखवतात. दागिना त्यावर घासला की रेघ उमटते, ती रेघ म्हणजे कस. तिच्या शेजारी शुद्धता माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतात आणि दोन्हींवर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, फिरवतात. तांबे आणि चांदी विरघळून जातात, सोने जागेवर राहते. रेघ जितकी फिकी पडेल तितके हीण जास्त. क्रियाशीलतेच्या श्रेणीत सोने तळाशी का, हे याहून थोडक्यात कसे समजावता येईल ते मला तरी सुचत नाही. ‘तावून सुलाखून’ मधला दुसरा शब्द मुलांना बहुधा ठाऊकच नसतो. सुलाखणे म्हणजे भोक पाडणे. कसोटी फक्त वरच्या थराची साक्ष देते, आत हलका धातू भरला असेल तर ती गप्प राहते, म्हणून नाणे भोक पाडून आतून तपासत. आता क्ष-किरणांचे यंत्र आले, २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि २२ कॅरेटच्या दागिन्यावर हजारात ९१६ भाग सोने असल्याचे सांगणारा ‘९१६’ हा आकडा दिसू लागला. गंमत अशी की, ते यंत्रही मुख्यतः पृष्ठभागाजवळच्या थराचीच साक्ष देते, त्यामुळे जाड मुलाम्याचा संशय असलेल्या दागिन्याला आजही सुलाखावेच लागते.

‘सगळ्या मेहनतीवर हरताळ फासला’ असे वाक्य मुले सहज करतात. हरताळ म्हणजे काय, असे विचारले की ती बंद किंवा संप असे उत्तर देतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ हा गुजरातीतून आलेला वेगळाच शब्द आहे. तो हाटाला लावलेल्या टाळ्याशी नाते सांगतो. फासायचा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे खनिज. हाताने पोथ्या लिहिण्याच्या काळात लेखनिकाची चूक झाली की ती अक्षरे हरताळाच्या लेपाखाली झाकत आणि लेप वाळला की त्यावर नव्याने लिहीत. जुन्या पोथ्यांत असे पिवळे पट्टे आजही दिसतात, आणि त्यांच्याजवळच दंड (ओळ संपल्याची उभी रेघ) किंवा श्लोकांचे आकडे लाल हिंगुळाने काढलेले असतात. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. याच कुळातला शेंदूर हे परंपरेने शिशाचे ऑक्साइड. सप्तशृंग गडावरील देवीच्या मूर्तीवर साचलेले शेंदराचे थर २०२२ साली काढण्यात आले, तेव्हा जिल्हाभर त्याची चर्चा झाली आणि शेंदूर नेमका कशाचा असतो, हे वर्गात मुलांनी आपण होऊन विचारले. आर्सेनिक, पारा आणि शिसे या तीन विषारी मूलद्रव्यांचा धडा पोथी आणि देव्हारा यांच्या वाटेने असा सहज सुरू होऊ शकतो. पुस्तकात मात्र हरताळ कुठेच भेटत नाही.

काही शब्दांत तर अख्खी अभिक्रिया सामावलेली आहे. ‘कळकणे’ घ्या. ताक, चिंचेचे सार किंवा आमटी कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात राहिली की ती कळकते: चव कडवट-तुरट होते, कडेला हिरवट झाक येते आणि घरातली मोठी माणसे ती कोणाला खाऊ देत नाहीत. पदार्थातले आम्ल, हवेतला ऑक्सिजन आणि उघडा पडलेला तांब्याचा अंश यांनी मिळून तयार केलेले तांब्याचे क्षार पदार्थात उतरले, एवढे सगळे या एका क्रियापदात आहे. इतक्या नेमक्या अर्थाचा शब्द घरात असताना आपण धातू आणि आम्ले यांच्या अभिक्रियेची सुरुवात परीक्षानळीतल्या जस्ताच्या तुकड्यापासून करतो.

कळकू नये म्हणून कल्हई. नाशिकला तांब्या-पितळेच्या भांड्यांची मोठी परंपरा आहे, तांबट आळी आणि भांडी बाजार ही नावे अजून पत्त्यांत लिहिली जातात, आणि कल्हई करणारे कारागीर कमी झाले असले तरी दिवाळीच्या सुमारास ते शोधले की सापडतात. कारागीर भांडे आधी घासून घेतो आणि भात्याने फुलवलेल्या कोळशावर तापवतो. तापलेल्या भांड्यात नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइडची, पूड टाकली की पांढरा धूर उठतो आणि नाकाला झोंबतो. लगेच तो कथलाची कांडी टेकवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कांडीचे टोक क्षणात पाघळते, आणि कापसाच्या बोळ्याने तो ते भांड्याच्या पोटात गरगर फिरवतो. बोळा जिथून जातो तिथे पितळ पांढरे होत जाते. या कामात नवसागर काय करतो, हे बहुतेक विद्यार्थ्यांना सांगता येत नाही, कारण त्यांना नवसागर भेटतो तो संप्लवनाच्या प्रयोगात, जिथे तो नुसता उडून जाऊन वर जमतो. भट्टीवर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे विघटन होते. हायड्रोजन क्लोराइड पृष्ठभागावरचे ऑक्साइड खरवडून काढते आणि त्या स्वच्छ झालेल्या धातूलाच कथील धरते. धुरात हे दोन्ही वायू थंड होऊन पुन्हा एकत्र येतात आणि त्यांचे पांढरे कण दिसतात. आपल्या पुस्तकात क्षरण रोखण्याच्या उपायांत जस्तविलेपनाच्या शेजारी कल्हईचा उल्लेख आहे, हे मी मान्य करतो. पण तो दोन ओळींत उरकला आहे आणि त्यात ना नवसागर आहे ना कळकणे, त्यामुळे कल्हई कशासाठी, या प्रश्नाचे मूळ उत्तरच राहून गेले आहे.

आता शहराबाहेर येऊ. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात द्राक्षबागेवर डावणी रोग येऊ नये म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हे प्रमाण बागाईतदारांच्या घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत भिजवतात. चुना पाण्यात पडताच फसफसून उकळू लागतो. लोखंडी बादली मोरचुदाला लावायची नाही, असा दंडक आहे. दोन्ही एकत्र करून ढवळले की आकाशी रंगाचे मिश्रण तयार होते, आणि मग शेतकरी घासून लख्ख केलेला विळा त्यात थोडा वेळ बुडवून बाहेर काढतो. पात्यावर तांबूस थर चढला असेल तर चुना कमी पडला, असे समजून तो आणखी निवळी ओततो, कारण मोकळे राहिलेले मोरचूद कोवळ्या पानांवर गेले तर पाने करपतात. त्याच्या भाषेत स्कॉर्चिंग येते.

हाच प्रयोग आपल्या पुस्तकात विस्थापन अभिक्रियेच्या धड्यात आहे. कॉपर सल्फेटच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवायचा, खिळ्यावर तांबे जमते, निळा रंग फिका होतो. शाळेत थर चढला की प्रयोग यशस्वी झाला असे मानतात, बागेत थर चढला की मिश्रण चुकलेले असते, एवढाच फरक. मी हा धडा शिकवतो तेव्हा बागाईतदारांची मुले गप्प बसलेली असतात, कारण कॉपर सल्फेट म्हणजे आपले मोरचूद, हे पुस्तकाने त्यांना सांगितलेले नसते, किंवा सांगितले असलेच तर कंसात, एकदाच. विळ्याची गोष्ट काढली की तीच मुले मला प्रमाण दुरुस्त करून सांगतात. या मिश्रणाचा इतिहासही वर्गात रंगतो. फ्रान्समधील मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुन्याचा सडा घालत, तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडून खाऊ नयेत म्हणून. त्या वेली रोगापासून वाचलेल्या पाहून बोर्डो विद्यापीठातील मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष जाहीर केले. चोराच्या भीतीने रोगावरचा उपाय सापडला, हे ऐकून आमच्याकडची मुले हसतात, कारण रस्त्याकडेच्या ओळीचे घड कसे जातात, हे त्यांना चांगले माहीत असते.

शेतकऱ्याची रसायनशास्त्राची भाषा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश हे शब्द खताच्या गोणीवर, कृषी विभागाच्या पत्रकात आणि बांधावरच्या बोलण्यात जिवंत आहेत. विज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्या जागी नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम आहेत. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ लिहिलेले असते, दहावीच्या धड्याचे नाव ‘कार्बनी संयुगे’ असते, आणि कर्ब म्हणजेच कार्बन, हे घरात अहवाल आणणाऱ्या वडिलांना आणि शाळेत धडा शिकणाऱ्या मुलीला कोणीच एकत्र बसवून सांगत नाही. स्फुरद हा शब्द मला विशेष आवडतो. कविता स्फुरते, तेज स्फुरते, आणि १६६९ साली हॅम्बुर्गच्या ब्रांड या किमयागाराने मूत्र आटवून मिळवलेले ते मूलद्रव्यही अंधारात लुकलुकत होते. ठिबकमधून सोडायच्या खतांना तर शेतकरी आकड्यांनीच हाक मारतात: शून्य बावन्न चौतीस, एकोणीस एकोणीस एकोणीस, शून्य शून्य पन्नास. हे आकडे क्रमाने नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के सांगतात, पण पहिल्या खतातले बावन्न हे प्रत्यक्ष फॉस्फरसचे प्रमाण नसते. ते फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेले असते आणि प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे २३ टक्केच भरतो. रेणुवस्तुमानाचे याहून चांगले उदाहरण कोणते? दर हंगामात हे खत विकत घेणाऱ्या घरातल्या मुलाला ते गणित आपण अजून घातलेले नाही.

बोलीतला प्रत्येक शब्द शास्त्राला धरून असतो, असा माझा दावा नाही. उलट जिथे बोली फसवते तिथेच धडा अधिक चांगला रंगतो. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. ते शिशाचेच एखादे रूप असावे, असा समज फार काळ होता आणि १७७९ साली रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी तो कार्बन असल्याचे दाखवल्यावरही नाव तसेच राहिले. आजीच्या फडताळातले ‘जर्मनचे’ पातेले ॲल्युमिनियमचे असते. हे नाव ज्या जर्मन सिल्व्हरवरून आले असावे त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी औषधालाही नसते. टिनाचे पत्रे म्हणून छपरावर घालतात ते जस्त चढवलेल्या लोखंडाचे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा हे तीन वेगवेगळे पदार्थ आहेत, आणि गोटी सोड्यातला फसफसाट कार्बन डायऑक्साइडचा आहे. ‘क्षार’ या शब्दाने तर आपण स्वतःच घोटाळा करून ठेवला आहे. पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून मिळतो तो क्षार, घरी बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो तेही क्षार, आयुर्वेदात वनस्पती जाळून राखेपासून काढलेला अल्कधर्मी पदार्थ म्हणजे क्षार, आणि स्पर्धा परीक्षेसाठी हिंदी पुस्तक उघडले की क्षार म्हणजे अल्कली. चार अर्थ चार ओळींत लिहून दिले तर विद्यार्थी गोंधळणार नाही. न लिहिल्याने तो दरवर्षी गोंधळतो. ‘मिठाचा खडा पडणे’ हा वाक्प्रचार प्रयोगालाच लावावा: एका वाटीतल्या दुधात लिंबू पिळावे, दुसऱ्या वाटीत चिमूटभर मीठ घालावे, आणि दूध खरोखर कशाने नासते ते मुलांनी पाहावे. विरजणाचेही तसेच. उत्साहावर विरजण पडते ते वाईट आणि दुधात पडते ते चांगले, पण दोन्हीकडे जे पातळ असते ते थिजते, एवढे साम्य भाषेने अचूक टिपले आहे.

निफाडचा पारा घसरला, ही बातमी दर हिवाळ्यात छापून येते आणि त्या रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. पारा आता त्या बातमीपुरताच उरणार, अशी चिन्हे आहेत. जपानमधील मिनामाता शहरात कारखान्याच्या सांडपाण्यातील सेंद्रिय पाऱ्याने माशांवाटे माणसांच्या मज्जासंस्थेवर घाला घातला, तो आजार १९५६ साली प्रथम नोंदवला गेला, आणि त्या शहराच्या नावाने २०१३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे पाऱ्याचे तापमापक जगभरातून हद्दपार होत आहेत. भारतही त्या करारात आहे. ज्या पिढीने तापमापकातला पारा चढताना पाहिलेलाच नाही, ती पिढी ‘बाबांचा पारा चढला’ असे म्हणत राहणार, आणि तिला तो पारा कोणता, हे सांगण्याची जागा आता पुस्तकाखेरीज दुसरी राहणार नाही.

नव्या वाक्प्रचारांकडेही समितीने पाहावे. सलामीच्या जोडीची केमिस्ट्री, आघाडीतल्या पक्षांची केमिस्ट्री, हे आता मराठीच झाले आहे आणि त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही, कारण केमिस्ट्री आणि आपली जुनी किमया हे दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दाच्या वाटेने आले. ‘उत्प्रेरक’ हा शब्द मात्र वर्तमानपत्रांतून फार ढिलेपणाने वापरला जातो. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो आणि शेवटी स्वतः होता तसा उरतो. आंदोलनाचे उत्प्रेरक ठरलेले पुढारी तसे उरतात की नाही, याची उदाहरणे शिक्षकाने वर्गात न दिलेली बरी. ‘पक्ष ऑक्सिजनवर आहे’ हा प्रयोग मला नाशिकमध्ये खटकतो. एप्रिल २०२१ मध्ये या शहराने रुग्णालयातील द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीची गळती आणि त्यात गेलेले जीव पाहिले आहेत. उणे १८३ अंशांना उकळणारा तो द्रव, त्याची टाकी, त्याचा दाब, हे शब्द त्या आठवड्यात येथील प्रत्येक घरात बोलले गेले. पाठ्यपुस्तकात ऑक्सिजन अजूनही प्रामुख्याने ज्वलनाला मदत करणारा वायू म्हणून भेटतो.

आणि ‘केमिकल’. भाजी केमिकलची आहे, गूळ रसायनमुक्त आहे, असे लोक बोलतात तेव्हा पाणीसुद्धा रसायनच आहे, असे हसून सांगण्याचा आम्हा विज्ञान शिक्षकांना मोह होतो. त्याने काही साधत नाही. बोलणाऱ्याचे म्हणणे असते की, यात मला न सांगता बाहेरून काहीतरी घातले आहे, आणि ती तक्रार रास्त असते. ज्या शब्दाने आयुर्वेदात तारुण्य टिकवणारी औषधे ओळखली जात, त्या ‘रसायन’ शब्दाच्या वाट्याला ‘मुक्त’ हे शेपूट यावे, हे मला शिक्षक म्हणून बोचते. पण यावर उपाय नेमके नाव घेण्याचा आहे. जिल्ह्यातल्या बागाईतदारांनी तो किंमत मोजून शिकला. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले, माल अडकला, आणि तेव्हापासून रेसिड्यू (फळात उरलेला अंश), पीपीएम (दहा लाखांत किती भाग) आणि काढणीपूर्व कालावधी हे शब्द बागेत रोजचे झाले. कोणते रसायन, किती आणि फवारल्यावर किती दिवसांनी, हे तीन प्रश्न विचारणारा तो शेतकरी ‘केमिकल’ या एका शब्दावर थांबत नाही. हे तीन प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायात असावेत.

आपल्यापैकी काहींचा आक्षेप मला आधीच ऐकू येतो: अकरावीला विज्ञान इंग्रजीतून शिकायचे आहे, तेथे मोरचूद आणि पालाश काय कामाचे? ऑक्सिजनचा पुन्हा प्राणवायू करा, असे मी म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय नावे आणि संज्ञा पहिल्या दिवसापासून हव्यातच. सोन्याची ‘एयू’ ही संज्ञा लॅटिन ऑरमवरून आणि शिशाची ‘पीबी’ ही प्लंबमवरून आली, हे आपण मुलांना समजावतोच ना? दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमची आठवण संज्ञेत चालते, मग पोथीतला हरताळ आणि भट्टीवरचा नवसागर टिपेत का चालू नये? ‘जुने शब्द गोंधळ वाढवतील’ हे म्हणणे तर मला मुळीच पटत नाही. घरचे नाव आणि शाळेचे नाव वेगळे आहे, हे लपवल्याने गोंधळ वाढतो.

प्रत्यक्षात काय करावे, याचा मी विचार केला आहे. धातू-अधातू, आम्ल-आम्लारी, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे या प्रकरणांच्या आरंभी अर्धे पान बोलीतल्या शब्दांना द्यावे, आणि धड्यातली निदान एक अभिक्रिया त्या पानावरून सुरू व्हावी. पुस्तकाच्या शेवटी पारिभाषिक शब्दांची जी सूची असते तिच्यात बाजारातले आणि शेतातले नाव असा एक स्तंभ वाढवावा, म्हणजे टाकणखार, सोरा, तुरटी, पापडखार, मोरचूद, चुनकळी यांना रासायनिक नावासमोर जागा मिळेल. प्रकल्पकार्यात तांबट, सराफ, कल्हईवाला, खतविक्रेता किंवा बागाईतदार यांपैकी एकाला भेटून त्याच्या कामातले शब्द टिपण्याचा पर्याय असावा. तेजाब, पारा, हरताळ आणि शेंदूर हाताळायचे नाहीत, ही सूचना मात्र ठळक अक्षरात हवी. नाशिकचे शब्द कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर मिळणार नाहीत आणि तिथले येथे मिळणार नाहीत, त्यामुळे एकच यादी राज्यभर लादण्यापेक्षा जिल्ह्यांतल्या शिक्षकांकडून त्या मागवाव्यात.

शाळांत २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन होतो आणि दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. हा पहिला दिवस ज्यांच्या नावाचा, ते नाशिकचे. डिसेंबर २०२१ मध्ये याच शहरात भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर होते. तरीही शाळेत पहिल्या दिवसाचे फलक मराठीचे शिक्षक लिहितात, दुसऱ्या दिवसाचे आम्ही, आणि बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशीचा फलक पुसून त्यावरच आमचा लिहिला जातो. या प्रकल्पाला याहून सोयीचे दोन दिवस वर्षात नाहीत, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या तरतुदीची गरज नाही.

आमच्या परिसरातील शिक्षकांनी मिळून जमवलेली शब्दांची यादी मी समितीकडे टपालाने स्वतंत्रपणे पाठवीत आहे. तिच्यात प्रत्येक शब्दासमोर तो कोणत्या व्यवसायात ऐकला, त्याचे रासायनिक नाव काय आणि तो ज्या वाक्प्रचारात येतो तो वाक्प्रचार कोणता, हे लिहिले आहे. जिथे आमची खात्री झाली नाही तिथे रकाना रिकामा ठेवला आहे. तो भाषातज्ज्ञांकडून भरून घ्यावा. सगळे शब्द एकाच आवृत्तीत घेणे शक्य नसेल, तर निदान धातू आणि आम्ले यांच्या धड्यात ‘कळकणे’ आणि विस्थापन अभिक्रियेच्या प्रयोगाखाली विळ्याची कसोटी, एवढे दोन मुद्दे येत्या छपाईत घ्यावेत, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मराठी माध्यमाच्या शाळेतील एक विज्ञान शिक्षक,
नाशिक